हातात पेन्सिल न धरणारा दिग्दर्शक

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मराठी साहित्यात एम.ए. करतोय. अ‍ॅनिमेशनचं वेड शाळेपासून, पण चित्रकलेच्या नावानं शून्य. एलिमेंटरीसुद्धा सुटली नाही. अ‍ॅनिमेशन फिल्मचा दिग्दर्शक व्हायचंय म्हटलं की घरचे आणि बाहेरचे दोघंही हसतात. चित्र न येणारा असा दिग्दर्शक कुणी झालाय का? झाला असेल तर त्याचं पुढं काय झालं?"

झालाय. नाव इसाओ ताकाहाता, जपानी अ‍ॅनिमेशन फिल्मचा दिग्दर्शक. हायाओ मियाझाकींचं नाव तुम्हाला नक्की ठाऊक असणार. त्यांच्याच स्टुडिओ जिबलीचा हा दुसरा खांब, वयानं आणि अनुभवानं मियाझाकींहून मोठा. जवळजवळ 55 वर्षं अ‍ॅनिमेशनमध्ये काढली आणि त्या सगळ्या काळात अ‍ॅनिमेटर म्हणून कधी टेबलावर बसला नाही. लागलं तर कागदावर चार रेघोट्या मारायचा, आणि मग ज्याचा हात चांगला आहे त्याच्याकडून ते चित्रात उतरवून घ्यायचा.

आपल्याकडं अशा वेळी राम मोहन यांचं उदाहरण देतात. रसायनशास्त्राचे पदवीधर, 1956 साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये आले आणि भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक ठरले, वगैरे. ते खरं आहे, पण तुमच्या कामाचं नाही. राम मोहन यांचा हात पक्का होता आणि डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तो आणखी तयार झाला. पदवी कसली होती हा मुद्दा वेगळा, रेघ मारता येते का हा वेगळा. तुमचा प्रश्न दुसरा आहे, आणि त्याला ताकाहाताशिवाय उत्तर नाही.

आधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एका पिठाच्या जाहिरातीवर काम करत होतो. तीस सेकंदांची फिल्म. चुलीपुढं बसलेली आजी भाकरी थापते, एवढाच शॉट. की पोझ, म्हणजे हालचालीतली मुख्य चित्रं, मी काढल्या होत्या. पेन्सिल टेस्ट, म्हणजे रंगवण्याआधी नुसती रेषाचित्रं हलवून बघायची चाचणी, सगळ्यांना आवडली. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कपाळावर आलेली बट, सगळं छान. आमच्यात एक सोलापूरचा मुलगा होता, संवाद लिहायला घेतलेला. त्याला सरळ रेघ मारता येत नव्हती. त्यानं दोनदा टेस्ट बघितली आणि म्हणाला, "ही बाई उपाशी मरणार. भाकरी फिरतच नाहीये." खरंच फिरत नव्हती. थापताना हाताच्या तिरक्या थापेनं भाकरी आपोआप थोडी थोडी फिरते, दुसऱ्या हाताची बोटं कडेला लागून असतात, म्हणून ती गोल राहते. मी हात वर-खाली करवला होता, तबला वाजवल्यासारखा. पुढं तव्यावर टाकल्यावर पाणी कुठल्या बाजूला लावतात तेही मी चुकवलं होतं. सगळा शॉट पुन्हा केला. त्या दिवशी त्या शॉटचा दिग्दर्शक कोण होता, हे मी अजून स्वतःला विचारतो.

ताकाहाता आयुष्यभर त्या सोलापूरच्या पोराच्या जागी उभा होता.

जन्म 29 ऑक्टोबर 1935, मिए प्रांतातलं उजियामादा, म्हणजे आजचं इसे. वडील शिक्षणक्षेत्रातले, मुख्याध्यापक. पोरगा नऊ वर्षांचा असताना कुटुंब ओकायामात होतं. 29 जून 1945 च्या पहाटे अमेरिकी विमानांनी ओकायामावर आगीचे बॉम्ब टाकले. हा आणि त्याची बहीण घरच्यांपासून चुकले आणि रात्रीच्या कपड्यांत, अनवाणी जळत्या शहरातून पळाले. बहिणीला बॉम्बचा तुकडा लागला. दोघं वाचली, घरचेही सापडले. या रात्रीबद्दल तो पुढं कितीतरी वर्षं फारसं बोलला नाही. चाळीस-बेचाळीस वर्षांनी ती रात्र पडद्यावर आली, त्याकडं येऊच.

तोक्यो विद्यापीठात त्यानं फ्रेंच साहित्य घेतलं. 1959 ला पदवी. म्हणजे तुमच्यासारखाच, साहित्यवाला. विद्यार्थी असताना त्यानं पॉल ग्रिमो या फ्रेंच दिग्दर्शकाची मेंढपाळीण आणि धुराडं साफ करणारा पोरगा यांच्या गोष्टीवरची अ‍ॅनिमेशन फिल्म पाहिली. पटकथा झाक प्रेव्हेर या कवीची. चित्रांमधूनही विचार मांडता येतो, राजकारण मांडता येतं, हे त्याला तिथं दिसलं. प्रेव्हेरनं त्याला पुढं सोडलं नाही. म्हातारपणी त्यानं प्रेव्हेरच्या कविता जपानीत आणल्या.

पदवी हातात पडल्यावर तो तोएई दोगा या स्टुडिओत लागला. इथं एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती तुमच्या फार उपयोगाची आहे. जपानमध्ये अ‍ॅनिमेशनचं दिग्दर्शन ही अ‍ॅनिमेटरपासून वेगळी वाट मानली जाते. तोएई ही मुळात सिनेमाची कंपनी, त्यामुळं तिथं सिनेमासारखीच सहायक दिग्दर्शकांची भरती होई. विद्यापीठातून आलेली, चित्र न येणारी पोरं त्या वाटेनं आत शिरायची. आपल्याकडं असं दार नाही. ते नाही याचं मला वाईट वाटतं, पण त्यावर नंतर बोलू.

स्टुडिओत त्याचं टोपणनाव पडलं 'पाकू'. सकाळी धावतपळत यायचा, कामाला सुरुवात व्हायच्या आत पाव तोंडात कोंबायचा आणि वर नळाचं पाणी प्यायचा. जपानीत असं गपागपा खाण्याच्या आवाजाला 'पाकू पाकू' म्हणतात. मियाझाकी शेवटपर्यंत त्याला 'पाकू-सान' म्हणत राहिले.

स्टुडिओत कामगार संघटना होती आणि ताकाहाता तिच्या पुढाऱ्यांपैकी एक. मियाझाकी 1963 ला तोएईत आले, वर्षभरात संघटनेचे सचिव झाले आणि इथंच दोघांची गाठ बसली. 1965 मध्ये यासुओ ओत्सुका या अनुभवी अ‍ॅनिमेटरकडं नव्या चित्रपटाच्या अ‍ॅनिमेशनची धुरा आली, तेव्हा त्यानं अट घातली की दिग्दर्शक ताकाहाताच हवा. हे मला फार बोलकं वाटतं. चित्र न येणाऱ्या माणसाला दिग्दर्शक करा असा आग्रह चित्र काढणाऱ्यांनी धरला. वरून लादलेला तो साहेब नव्हता.

चित्रपट होता 'होरुस'. उत्तरेकडच्या एका गावाची गोष्ट. पण काम लांबलं, पैसा संपला, वरचे लोक चिडले. शेवटी लांडग्यांच्या हल्ल्याचा आणि उंदरांच्या हल्ल्याचा असे दोन प्रसंग हलत्या चित्रांऐवजी स्थिर चित्रांवर कॅमेरा फिरवून उरकावे लागले. आजही तो चित्रपट पाहताना तिथं ठेच लागते. जुलै 1968 मध्ये लागला आणि दहा दिवसांत उतरला. पण त्यातली हिल्दा नावाची मुलगी बघा. ती धड चांगली नाही, धड वाईट नाही, आतून फाटलेली आहे. मुलांसाठीच्या जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये असं पात्र तोवर जवळजवळ नव्हतंच. आणि ते काढलं यासुजी मोरीनं. ताकाहातानं फक्त सांगितलं की ती गाताना काय लपवतेय.

तोएईनं त्याला पुन्हा मोठा चित्रपट दिला नाही. 1971 मध्ये तो, मियाझाकी आणि योइची कोताबे बाहेर पडले.

आता 'हायडी'. स्वित्झर्लंडच्या डोंगरात आजोबांकडं राहणाऱ्या पोरीची 52 भागांची टीव्ही मालिका, 1974. आज आपण सगळे जो 'लेआउट' शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरतो, त्याची शिस्त या मालिकेत घडली. दर आठवड्याला एक भाग, माणसं मोजकी. दिग्दर्शकाला चित्र येत नाही. मग काय करायचं? मियाझाकी प्रत्येक शॉटचा लेआउट स्वतः काढणार: कॅमेरा कुठं, पात्र कुठं, पार्श्वभूमी कुठून कुठं. पुढच्या सगळ्यांनी त्याच कागदावरून काम करायचं. सगळ्या 52 भागांचे लेआउट एका माणसानं केले. दिग्दर्शकाची उणीव भरून काढायला म्हणून ही व्यवस्था निघाली असं मी म्हणणार नाही, पण न काढणारा दिग्दर्शक आणि काढणारा लेआउटवाला अशी जोडी जमली तर काय होतं ते तिथं दिसलं.

त्याआधी, 1973 मध्ये, त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी तेव्हाच्या टीव्ही अ‍ॅनिमेशनमध्ये कुणी करत नव्हतं. मंडळी स्वित्झर्लंडला जाऊन आली. मायनफेल्ड, डोंगरातली घरं, गवत, शेळ्या, चीज वितळवायची पद्धत बघून आली. पहिल्या भागात हायडी डोंगर चढते. मावशीनं तिला एकावर एक कपडे घालून बोचक्यासारखं केलेलं असतं. चढता चढता ती एकेक कपडा उतरवते आणि शेवटी नुसत्या आतल्या कपड्यांत शेळ्यांमागं पळते. प्रसंग पुस्तकातलाच. पण पडद्यावर तो पाहताना आधी तिचं जड चालणं दिसतं, मग प्रत्येक कपड्यागणिक पावलं हलकी होत जातात. इथं टाइमिंग म्हणजे काय ते दिसतं. किती फ्रेम जड, कुठून हलकं, हे ठरवायला पेन्सिल लागत नाही. बघावं लागतं.

पुढं 1976 ची आईला शोधत निघालेल्या मार्कोची मालिका, 1979 ची अ‍ॅनची मालिका. दोन्हींवर लिहायचं तर हे उत्तर संपणार नाही. एवढंच सांगतो की अ‍ॅनच्या मध्येच मियाझाकी स्वतःचा पहिला चित्रपट करायला निघून गेले आणि ताकाहाताला योशिफुमी कोंदो नावाचा नवा 'हात' मिळाला.

मियाझाकींच्या 1984 च्या 'नाउसिका' या चित्रपटाला निर्माता हवा होता. मियाझाकी म्हणाले, ताकाहाताच पाहिजेत. तोशिओ सुझुकी तेव्हा मासिकाचे संपादक होते, पुढं जिबलीचे निर्माते झाले. त्यांनी हा किस्सा अनेकदा सांगितलाय. त्यांनी ताकाहाताला गळ घातली. गड्यानं निर्माता कसा असावा यावर वहीभर अभ्यास केला आणि शेवटी निष्कर्ष लिहिला की म्हणून मी निर्माता व्हायला लायक नाही. झाला मात्र, आणि चांगला झाला. पण तो वहीचा किस्सा त्याच्या स्वभावाचा एक्स-रे आहे. 'नाउसिका'चा नफा आला तेव्हा त्यातून यानागावा या गावच्या कालव्यांवर अ‍ॅनिमेशन फिल्म करायची ठरली. ताकाहाता तिथं गेला, गाव बुजवायला निघालेले कालवे एका सरकारी अधिकाऱ्यानं लोकांना हाताशी धरून कसे वाचवले ते पाहिलं, आणि अ‍ॅनिमेशन सोडून खऱ्या कॅमेऱ्यानं पावणेतीन तासांच्या आसपासचा माहितीपट केला. पैसे पुन्हा संपले. तो खड्डा भरायला मियाझाकींना पुढचा चित्रपट लगोलग हातात घ्यावा लागला, आणि 1985 मध्ये जिबली उभा राहण्यामागं हेही एक कारण आहे. गंमत बघा, ज्या स्टुडिओचं नाव जगभर गाजलं, त्याच्या पायात एका माणसाचं बजेट न पाळणं आहे.

'काजव्यांची समाधी' 16 एप्रिल 1988 ला आली, मियाझाकींच्या 'तोतोरो'बरोबर एकाच तिकिटात. अकियुकी नोसाका यांची 1967 ची कथा, कोबे शहरावरचे बॉम्बहल्ले, चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको. बहुतेक लोक या चित्रपटाबद्दल 'रडवतो' एवढंच बोलतात. मी विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा आधीच सांगतो की रडून झालं की पुन्हा बघा, आणि त्या वेळी फक्त लाल रंगातल्या सेइताकडं लक्ष द्या. चित्रपट सुरू होतो तो सेइतानं आपण कुठल्या तारखेला मेलो हे सांगण्यापासून. शेवट पहिल्या मिनिटालाच उघड. मग त्याचं भूत, लाल उजेडात, आपल्याच आयुष्याकडं बाजूला उभं राहून बघतं. ताकाहाता तुम्हाला सेइताच्या कातडीत शिरू देत नाही. तो तुम्हाला त्या भुताशेजारी उभं करतो. सेइता मावशीच्या घरातून मानापायी निघाला ते बरोबर होतं का, हे तुम्ही विचारावं म्हणून. हा युद्धविरोधी चित्रपट नाही असं ताकाहाता वारंवार म्हणायचा आणि लोकांना ते पटायचं नाही. पोराच्या वागण्याकडं नीट पाहिलं तर मला पटतं.

तांत्रिक दोन गोष्टी. बाह्यरेषा काळ्याऐवजी तपकिरी घेतल्या, त्यामुळं माणसं पार्श्वभूमीतून कापून काढल्यासारखी दिसत नाहीत. आणि सेत्सुकोचा आवाज खऱ्याखुऱ्या पाच वर्षांच्या मुलीचा, आधी रेकॉर्ड करून मग त्यावर चित्रं केलेली. जपानमध्ये नेहमी उलटं चालतं, आधी चित्र, मग आवाज. पण लहान पोर बोलताना मध्येच श्वास घेतं, शब्द गिळतं, ते नंतर ओठांवर बसवता येत नाही.

आणि हो, हाही चित्रपट वेळेत झाला नाही. थिएटरात लागला तेव्हा काही शॉट रंगवायचे राहिले होते, नुसत्या रेषांवर दाखवले गेले. शेतकरी सेइताला मारतो तो प्रसंग त्यातला. लोकांना वाटलं मुद्दामच केलंय. वीस वर्षांपूर्वीच्या 'होरुस'चीच गोष्ट पुन्हा.

तुम्ही मात्र पहिल्यांदा बघायचा तो 1991 चा, 'आठवणी टपटप' असं काहीसं नाव होईल मराठीत, इंग्रजीत 'ओन्ली येस्टरडे'. सत्तावीस वर्षांची ताएको तोक्योहून यामागाताला लाल रंग देणारी करडईची फुलं खुडायला जाते आणि तिच्याबरोबर आठवणीतली, पाचवीतली ताएकोही जाते. त्यात एक प्रसंग आहे. वडील घरी अननस आणतात. जपानमध्ये, 1966 साल, ताजा अननस कुणी पाहिलेला नाही. कापायचा कसा हे कुणाला माहीत नाही, म्हणून तो तसाच पडून राहतो. मग मोठी बहीण कुठून तरी पद्धत शिकून येते. सगळे टेबलाभोवती बसतात. चाकू सालीतून जाताना जोर लागतो. वास येतो, सगळे खूश. प्रत्येकाला एकेक चकती. पहिला घास. आणि मग चावण्याचा आवाज, लांबलचक. कुणी काही बोलत नाही. गोड नाहीये, कडक आहे. एकेक जण हळूच आपली चकती बाजूला सारतो. ताएको मात्र खात राहते. हट्टानं, सगळ्यांच्या चकत्या.

या प्रसंगात 'अ‍ॅक्शन' म्हणावं असं काही नाही. मी एकदा स्टॉपवॉच लावून बसलो होतो. चावणं कुठं थांबतं, नजर कुठं जाते, कोण कोणाकडं बघून पुन्हा खाली बघतं, याच्यावर सगळा प्रसंग उभा आहे. चांगल्या अ‍ॅनिमेटरला इथं काय करायचा मोह होतो सांगू? तोंड वाकडं करायचा. डोळे मिटायचे, जीभ बाहेर काढायची. दिग्दर्शकानं ते होऊ दिलं नाही.

याच चित्रपटात मोठ्या ताएकोच्या गालावर हसताना रेषा येतात. आवाज देणाऱ्या कलाकारांना आधी रेकॉर्ड केलं, बोलताना त्यांचे चेहरे कसे हलतात ते पाहिलं आणि गालाचे स्नायू चित्रात आणायचे ठरवलं. अ‍ॅनिमेशनमध्ये तरुण बाईच्या गालावर रेघ काढली की ती म्हातारी दिसते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. कोंदो आणि त्याच्या टीमनं त्या रेषांशी झगडून ते काम केलं. खरं सांगू, मला त्या रेषा आजही काही शॉटमध्ये खुपतात. पण प्रयोग करायला हिंमत लागते, आणि 1991 मध्ये जपानी चित्रपटांत कमाईला हाच पहिला आला.

1994 चा 'पोमपोको' तामाच्या टेकड्यांवर नवं शहर वसवताना बेघर झालेल्या तानुकींचा, म्हणजे कोल्ह्या-कुत्र्याच्या कुळातल्या एका जपानी रानप्राण्याचा. फ्रान्समधल्या आन्सीच्या अ‍ॅनिमेशन महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. 1999 चा 'यामादा' चार चौकटींच्या हास्यचित्रांवरचा, जलरंगासारखा दिसणारा, जिबलीचा पहिला पूर्ण डिजिटल चित्रपट, आणि तिकीटबारीवर आपटलेला. त्याच वर्षी त्यानं बाराव्या शतकातल्या जपानी चित्र-गुंडाळ्यांवर पुस्तक काढलं. गुंडाळी उजवीकडून उलगडत जाताना काळही उलगडतो, म्हणजे अ‍ॅनिमेशनचं बीज तिथं आहे, असं त्याचं म्हणणं. हे वाचताना मला कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी आठवले. पोथीतलं एक चित्र धरायचं, गाऊन सांगायचं, मग दुसरं पुढं घ्यायचं. आम्ही स्टोरीबोर्ड पिच करतो ते यापेक्षा वेगळं काय असतं?

'यामादा'नंतर चौदा वर्षं मोठा चित्रपट नाही. मग 23 नोव्हेंबर 2013 ला 'कागुया राजकुमारी'. वय 78. आठ वर्षांची निर्मिती, सुमारे 5 अब्ज येन खर्च, तोवरचा जपानमधला सगळ्यात महाग चित्रपट, आणि परत आले जेमतेम निम्मे. मुळात तो त्या उन्हाळ्यात मियाझाकींच्या चित्रपटाबरोबर एकाच दिवशी लागायचा होता. अर्थातच उशीर झाला. निप्पॉन टेलिव्हिजनचे उजिइए, ज्यांनी ताकाहाताचा आणखी एक चित्रपट व्हावा म्हणून पैशाची बाजू उचलली, ते 2011 मध्ये गेले. बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज देणारे ताकेओ चिई 2012 मध्ये गेले. आवाज आधीच रेकॉर्ड करण्याच्या ताकाहाताच्या सवयीमुळं तो मात्र चित्रपटात राहिला.

त्यात राजकुमारी मेजवानीतून पळते तो प्रसंग बघा. कोळशानं खरडल्यासारख्या रेषा, वस्त्रं एकामागोमाग गळून पडतायत (हायडी आठवली का?), चेहरा नाहीच, नुसता वेग. ओसामु तानाबेनं पात्रं केली, काझुओ ओगानं पार्श्वभूमी, कागद कोरा सोडलेला. ताकाहाताला स्केचचा जिवंतपणा हवा होता. पहिल्या कच्च्या रेघेत जो जोर असतो तो क्लीनअप करताना, म्हणजे रेषा साफ करून पुन्हा काढताना, मरतो, हे प्रत्येक अ‍ॅनिमेटरला माहीत असतं आणि प्रत्येक जण खांदे उडवून क्लीनअप करतो. तो जोर शेवटच्या फ्रेमपर्यंत टिकवायचा हट्ट धरला तो ज्याला रेघ मारता येत नाही त्यानं. ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, पुढं काय झालं. 5 एप्रिल 2018 ला तो गेला, 82 व्या वर्षी. मे महिन्यात मिताकाच्या जिबली संग्रहालयात निरोपाचा कार्यक्रम झाला. मियाझाकी 55 वर्षांपूर्वीच्या पावसाळी दिवशी बसथांब्यावर झालेल्या पहिल्या भेटीबद्दल बोलले, आणि बोलता बोलता रडले. हेच मियाझाकी त्याला स्लॉथचा वंशज म्हणायचे, इतका तो संथ.

पण त्या संथपणाची किंमत त्यानं एकट्यानं मोजली नाही, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. ताकाहाताबरोबर काम केलेली माणसं थकून जायची. सुझुकींनी हे पुढं उघडपणे बोलून दाखवलं. चित्र काढणाऱ्या दिग्दर्शकाला समोरच्याचं चित्र पटलं नाही तर तो स्वतः काढून देतो, मियाझाकी आयुष्यभर तेच करत आले. ज्याला काढता येत नाही तो म्हणतो, "नाही, हे नाही, पुन्हा." कितव्यांदा पुन्हा, याला मोजमाप उरत नाही. मी स्वतः एका दिग्दर्शकाच्या हाताखाली (नाव सोडा) एकच शॉट अकरा वेळा केलाय. बाराव्या वेळी त्यानं तिसरा पास केला. त्याला काय हवं हे त्याला ठाऊक नव्हतं. ताकाहाताला ते ठाऊक असायचं, फरक तेवढाच. पण टेबलावर रात्री बारा वाजता बसलेल्या माणसाच्या पाठीला हा फरक कळत नाही.

म्हणून, चित्र येत नाही ही तुमची अडचण नाही. तुम्हाला काय हवंय ते रेघ न मारता, समोरच्याला कळेल असं सांगता येतं का, ही अडचण आहे. "जरा फील आणा" म्हणणारे दिग्दर्शक आमच्याकडं ढिगानं आहेत. "म्हातारा बसताना आधी हात मागं नेऊन खुर्ची चाचपेल, मग थांबेल, मग वजन सोडेल, आणि थांबणं वजन सोडण्यापेक्षा लांब" असं म्हणणारा क्वचित मिळतो. सेकंदाला 24 फ्रेम. टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम ठेवून, केलं तर बारा चित्रं. तीन सेकंदांच्या बसण्याला छत्तीस. त्यातली किती चाचपण्याला, किती थांबण्याला, हे तुम्ही एक्स-शीटवर, म्हणजे फ्रेमवार तक्त्यावर, आकड्यांत लिहू शकता. आकडे लिहायला एलिमेंटरी लागत नाही.

वाटेबद्दल सरळ सांगतो. तोएईसारखी सहायक दिग्दर्शकांची भरती करणारा स्टुडिओ मी इथं पाहिलेला नाही. साहित्यवाल्यांना आत घेतात ते दोन दारांनी: लेखन, नाहीतर प्रॉडक्शन को-ऑर्डिनेटर. दुसरं दार घ्या. पगार कमी, काम हमालीचं, दिवसभर कोणाचं फुटेज किती झालं याची वही सांभाळायची आणि शिव्या खायच्या. पण प्रत्येक टेबलावरून तुम्ही दिवसातून चार वेळा जाता, रिटेक का आला ते ऐकता. जमेल तेव्हा एडिटरशेजारी बसून अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेत बसवून केलेली कच्ची फिल्म, कापायला शिका. बोर्डची चित्रं दुसऱ्याची, पण कुठलं चित्र किती वेळ ठेवायचं हा निर्णय तुमचा, आणि दिग्दर्शन नेमकं तिथून सुरू होतं. काडीची माणसं काढायचा सराव ठेवा, लाज बाळगू नका. आणि एखादा चांगला हात असलेला मित्र आत्ताच जोडून ठेवा, वर्गातला, जो तुमच्याशी भांडू शकेल.

घरच्यांना पैशाबद्दल काय सांगायचं ते मला विचारू नका, ते मला माझ्या घरीही जमलेलं नाही.

सुरुवात या आठवड्यात करा. अननसाचा प्रसंग आवाज बंद करून तीनदा बघा आणि कोण किती सेकंद गप्प आहे ते वहीत लिहा. मग घरात कुणी भाकरी थापत असेल तर शेजारी पाट घेऊन बसा. किती थापांत भाकरी एक फेरा पूर्ण करते, उचलायच्या आधी हात कुठं क्षणभर थांबतो, सगळं सेकंदांत. पाणी कुठल्या बाजूला लावतात ते विचारू नका, बघा. ती वही घेऊन या, पुढचं त्यावर बोलू.